व्हॉलवरचं पाणी

आमच्याकडे पाण्याचे तीनच प्रकार होते. खारं, मचूळ आणि गोड. खारं खाडीचं, मचूळ विहिरीचं नि तळ्याचं, आणि गोड म्हणजे जे दुसरीकडून कुठून तरी यायचं ते. पेण आणि अलिबागच्या मधल्या त्या सपाट, बिनझाडांच्या मुलखाला सगळे खारेपाट म्हणतात. माझा जन्म तिथला, धरमतरच्या खाडीकाठचा. गोड पाणी वाईट असू शकतं ही गोष्ट शाळेत विज्ञान शिकवायला लागेपर्यंत माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. खरं सांगायचं तर शिकवायला लागल्यावरही आली नाही. शिकवणं वेगळं आणि डोक्यात येणं वेगळं.

हे गोड पाणी यायचं एका मोठ्या पाइपलाइनमधून. ती लाइन काही आमच्यासाठी टाकलेली नव्हती. ती गावाच्या शिवेवरून कुठल्याशा कारखान्याकडे जायची. पण रस्त्याच्या कडेला, सिमेंटच्या चौकोनी खड्ड्यात तिला एक व्हॉल्व्ह होता आणि तो गळका होता. आम्ही त्याला व्हॉल म्हणायचो. त्याच्या लोखंडी तोंडातून एक चिळकांडी उडायची आणि तिच्याखाली हंडे धरून आमच्या आयांची अर्धी आयुष्यं गेली. घरात पाहुणा आला की त्याला व्हॉलचंच पाणी द्यायचं, असा दंडक होता. पाहुण्याला मचूळ पाणी दिलं तर नाक कापलं गेल्यासारखं व्हायचं. मुलगी बघायला माणसं येणार असली की शेजारपाजारच्या बायका आपापल्या घरातला व्हॉलचा एकेक तांब्या आणून द्यायच्या. साखर मागावी तसं आमच्याकडे पाणी मागत.

माझा बाबा मिठागरात कामाला होता. आमच्या बोलीत ‘काढला’ला ‘कारला’ म्हणतात, आणि बापाला ‘अरे’, ‘अहो’ नाही. मी बी.एड. करून आले तरी घरात मला अहो-जाहो जमलं नाही आणि इथे लिहितानाही जमणार नाही. बाबाने चाळीस वर्षं मिठाच्या वाफ्यांत काढली. त्याच्या टाचांच्या भेगांत रुपयाचं नाणं उभं राहिलं असतं. पण त्याचं खरं कसब जिभेत होतं. वाफ्यातलं पाणी आटत आटत मीठ धरायला कितपत आलंय हे बघायला मुकादमाकडे एक काचेची नळी असायची. पाण्यात सोडली की ती उभी तरंगायची आणि तिच्यावरचा आकडा वाचायचा. बाबा नुसतं बोट बुडवायचा, जिभेला लावायचा, बाजूला थुंकायचा आणि म्हणायचा, “परवा धरल.” मग मुकादम नळी सोडायचा, डोळे बारीक करून वाचायचा आणि म्हणायचा, “परवा.” जेवणाचा डबा घेऊन गेले की मी हे बघत उभी राहायचे आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा. देवळात मला कधी असं झालं नाही.

आई कधीकधी त्याची परीक्षा घ्यायची. तीन ठिकाणचं पाणी तीन तांब्यांत भरून त्याच्यापुढे ठेवायची. तो एकेक घोट घ्यायचा. “ह्या तल्याचा. ह्या व्हॉलचा. आनि ह्याच्यान तू दोनी मिसललंस. मना येडा समजतंस?” आई पदराने तोंड झाकून हसायची. तो एकदाही चुकला नाही. आमच्या घरात टीव्ही उशिरा आला, त्याचं मला काही वाटलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. ती तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाऊ ट्रेलर चालवतो, तो महिन्यातले वीस दिवस गुजरातच्या रस्त्यावर. मी अलिबागला नवऱ्याच्या घरी, आणि बाबा गावात एकटा. वय शहात्तर, पण स्वतःचं जेवण स्वतः रांधणारा. गावात आता घरोघर नळ आलेत, मात्र नळ येणं आणि नळाला पाणी येणं ह्या दोन वेगळ्या योजना आहेत. त्या आठवड्यात चार दिवस नळ कोरडे होते. शाळेला सुट्टी लागली होती, म्हणून वाटेत पाणी भरून न्यायला मी स्कूटरला दोन रिकामे कॅन आणि एक तांब्या अडकवून बाबाकडे निघाले.

व्हॉलपाशी आले आणि थांबले. लाइन बंद होती. चिळकांडी नव्हती. पण खड्डा काठोकाठ भरलेला होता आणि पाणी इतकं नितळ की तळाचं सिमेंट दिसत होतं. मला आई आठवली, हंडा आठवला, रांगेतली भांडणं आठवली. बाबाला व्हॉलचं पाणी पाजून किती वर्षं झाली असतील, असं मनात आलं. खड्ड्याच्या बाजूला ओल्या मातीत म्हशींचे खूर उमटलेले होते. ते मला दिसले. खोटं कशाला बोलू? दिसले, आणि तरी मी वाकून तांब्यातांब्याने दोन्ही कॅन भरले. दर वर्षी सातवीच्या मुलांकडून ‘नितळ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे नाही’ हे वाक्य दहा वेळा लिहून घेणारी बाई ती मीच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

फाटकातूनच ओरडले, “बाबा, बग काय आनलाय! व्हॉलचा हाय!” मला हसू आवरत नव्हतं. मी किती तरी वर्षांनी त्याच्यासाठी पाणी वाहून आणलं होतं आणि ओढणी चिंब झाली होती. त्याने पेला तोंडाला लावला, एक घोट घेतला, जरा थांबला, माझ्याकडे बघितलं. मग सगळा पेला संपवला आणि अजून मागितला. मी माझ्या बाटलीतलं अलिबागचं पाणी पीत होते, कारण ते गार होतं.

मी रात्रीपर्यंत अलिबागला परतले. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीचा फोन आला. बाबाला जुलाब-उलट्या सुरू होऊन एक दिवस झाला होता आणि त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मी पोचले तेव्हा तो ओट्यावर पडला होता. डोळे आत गेलेले, बोटांची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. मीठ धरलेल्या वाफ्यावर जशी पांढरी साय येते तसे त्याचे ओठ दिसत होते.

अलिबागच्या दवाखान्यात त्याला चार दिवस सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी जरा तरतरी आल्यावर बाटलीकडे बघत त्याने विचारलं, “यान काय हाय?” मी म्हटलं, मिठाचं पाणी. तो हसला. “जलमभर मीठ कारला, आता माज्यानच भरतान.” तिथली डॉक्टर तरुण, गंभीर मुलगी होती. तिने विचारलं, “आजोबा, आजारी पडायच्या आधी पाणी कुठलं प्यायलात?” मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाला, “नलाचा.” आणि मी गप्प बसले. नळ चार दिवस कोरडे होते हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, तिला माहीत नव्हतं. मी त्याच्या पायाशी बसून चादरीची सुरकुती सरळ करत राहिले. मला माझी इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती.

घरी सोडताना डॉक्टरने मला बाजूला घेतलं. मूत्रपिंडांना मार बसला होता. आठ दिवसांनी परत रक्त तपासायचं. तोवर दिवसाला किमान अडीच लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे, आणि ते शुद्ध हवं. पाणी कमी पडलं किंवा पुन्हा जुलाब झाले तर मुंबईला नेऊन डायलिसिसच्या मशीनवर घालावं लागेल, असं तिने स्पष्ट सांगितलं. मी विचारलं, मशीनवर म्हणजे किती दिवस? ती म्हणाली, “ताई, ह्या वयात एकदा सुरू झालं की बहुतेक कायमच.”

मी नवऱ्याला अलिबागला डाळ-भाताच्या हवाली केलं आणि बाबाकडे राहायला गेले.

पहिल्या दिवशी पाणी उकळलं. वीस मिनिटं, घड्याळ लावून. बाबाने घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. “मेलेला पानी हाय.” गॅसवर उकळलेल्या पाण्याला त्याला पातेल्याचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातून क्लोरीनचे थेंब आणले. ते पाणी तर त्याने नाकापाशी नेऊन परत दिलं. तिसऱ्या दिवशी पोयनाडहून निळ्या टोपणाचा जार मागवला. त्याचे दोन घोट गेले. “ह्याला कायच नाय,” तो म्हणाला. “भिंत चाटल्यावानी लागतंय.” चाळीस वर्षं पाण्यातला कणन् कण ओळखणारी ती जीभ, तिला कोरं पाणी पटेना. आणि जिभेला पटलं नाही की घसा बंद. तो मुद्दाम करत नव्हता, हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं.

तेव्हा मी भांडत होते. माझ्या नाकावर राग असतो, हे माझी शाळा सांगेल. पेला त्याच्यापुढे आदळायचे. “पी! मरायचंय का तुला? मशीनवर झोपायचंय?” तो माझ्याकडे बघायचा, एक घोट घ्यायचा, तो तोंडातच धरून ठेवायचा. मी उभी राहून पहारा द्यायचे. दिवसभरात एक तांब्याही संपत नव्हता. लघवीचा रंग चहासारखा झाला होता. तिन्हीसांजेला मी मागच्या पडवीत जाऊन रडायचे, तोंड धुवायचे आणि परत येऊन भांडायचे. मीच ते पाणी आणलं होतं आणि त्याला सांगायची हिंमत होत नव्हती. म्हणून सगळा राग त्याच्यावरच निघायचा.

चौथ्या दिवशी आमच्या शाळेतले भूगोलाचे सर बाबाला बघायला आले. पन्नाशीचे, हडकुळे, दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर चढणारे. त्यांनी भरलेला जार बघितला, पाण्याने भरलेले तीन पेले बघितले, बाबाचे ओठ बघितले. ते मोटरसायकलकडे गेले आणि पाठपिशवीतून एक वस्तू घेऊन आले.

ती एक नळी होती. वीतभरही नव्हती. मुठीत मावेल एवढी, आणि वजन लिंबाएवढं. तिच्या एका तोंडाला एक मऊ प्लास्टिकची पिशवी लावता येत होती. पिशवीत पाणी भरायचं, नळी बसवायची, पिशवी हाताने पिळायची, की दुसऱ्या तोंडातून प्यायचं पाणी. वीज नको, जाळ नको, थेंब नकोत. “गडावरच्या टाक्यांचं शेवाळलेलं पाणी ह्याच्यातून सात वर्षं पितोय,” सर म्हणाले. “आत शेवयांची जुडी असते असं समजा. प्रत्येक शेवई पोकळ, आणि तिच्या भिंतीला इतकी बारीक भोकं की जुलाब लावणारे जंतू त्यांतून जाऊ शकत नाहीत. पाणी तेवढं जातं. विषाणू मात्र त्याहून बारीक असतात, ते निसटू शकतात. म्हणून आजाऱ्यासाठी पाणी वाहतं घ्यायचं, डबक्यातलं नाही.” डबकं म्हणताच माझे कान तापले.

मी विचारलं, “मीठ जातं का?”

“नाही. मीठ पाण्यात विरघळलेलं असतं, ते अडत नाही. चव जशी आहे तशीच राहते.”

हे ऐकून मी जवळजवळ ती नळी परत केली. खारेपाटातल्या माणसाला पाणी गाळायचं यंत्र दाखवायचं आणि ते मीठ काढत नाही म्हणायचं! आमच्या तीन पिढ्यांचं भांडण मिठाशी. जंतू वगैरे आम्ही कधी मोजलेच नव्हते. मी तोंडावर तसं म्हटलंही. सर चिडले नाहीत. म्हणाले, “चला, तळ्यावर तरी येऊन बघा.”

गावतळ्यात गुडघाभर हिरवं पाणी उरलं होतं. सरांनी पिशवी बुडवली. आत शेवाळाच्या तारा तरंगताना दिसत होत्या, एक किडा गोल गोल फिरत होता. त्यांनी नळी बसवली आणि पिशवी पिळली. पलीकडच्या तोंडातून बारीक धार स्टीलच्या पेल्यात पडायला लागली. मी पेला उन्हाकडे धरला. त्या पाण्यात काही म्हणजे काही नव्हतं. नुसता उजेड होता. मी पंचवीस वर्षं फळ्यावर गाळणक्रियेची आकृती काढतेय, गाळणकागद, नरसाळं, चंचुपात्र, सगळं बाण दाखवून. त्या दिवशी तळ्याच्या काठावर मला पहिल्यांदा ती क्रिया दिसली.  मला आई आठवली, डोक्यावर दोन हंडे, कमरेवर एक. आमच्या गावातली ती लहान मुलं आठवली, जी उन्हाळ्यात अशीच दोन दिवसांत जायची आणि लोक म्हणायचे ‘वारा लागला’. एवढीशी नळी. कंगव्याएवढी. ती तेव्हा असती तर, असं मनात आलं आणि पुढचा विचार मला करवला नाही.

सर पेला तोंडाला लावून प्यायले. मग खिशातून एक सिरिंज काढली, तिच्यात गाळलेलं पाणी भरलं आणि नळीत उलट्या बाजूने दाबलं. अडकलेलं सगळं मागे निघून आलं. मी ते वाटीत धरलं होतं. हिरवट, गढूळ, तळाशी साका. “रोज असं धुवायचं,” ते म्हणाले. “नाहीतर कोंडते.” मी त्या वाटीकडे बघत राहिले. एका पेल्यातून एवढं निघालं होतं, आणि खड्ड्यातले दोन कॅन मी बाबाला तसेच पाजले होते.

परतताना सरांनी नळी माझ्या हातात ठेवली आणि मला त्या चवीच्या गोष्टीचा अर्थ लागला. चव तशीच राहते. मी ज्याला खोट समजत होते तेच मला हवं होतं. बाबाला हवं होतं ते पाणी, त्याच्या सगळ्या चवीसकट, फक्त जंतूंशिवाय. मी घरी येऊन त्याच्या खाटेपाशी बसले आणि विचारलं, “बाबा, कुठला पानी पिशील?”

तो म्हणाला, “व्हॉलचा आन.”

तो खड्डा माझ्या डोळ्यांपुढे आला. पण मी उठले. लाइन त्या दिवशी चालू होती. चिळकांडी उंच उडत होती, खड्ड्याच्या भिंतीबाहेर. मी खड्ड्याकडे बघितलंही नाही. तांब्या वर धरून हवेतल्या हवेत धार झेलली, निम्मी अंगावर घेतली. कॅन भरायला अर्धा तास लागला. रस्त्याने जाणारा एक टेम्पोवाला थांबून बघून गेला. बहुतेक त्याला वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलंय.

घरी मी जमिनीवर मांडी घालून बसले, बाबाच्या डोळ्यांसमोर. पिशवी भरली, नळी लावली आणि पिळायला लागले. तो खाटेवर उठून बसला. त्याला ती वस्तू हातात हवी होती. त्याने ती उलटीपालटी करून बघितली, कानाला लावून हलवली. “यान मशीन खय हाय?” मी म्हटलं, मशीन नाही, शेवया आहेत. तो खो खो हसला, त्याला ठसकाच लागला. मलाही हसू आलं. किती दिवसांनी. मग त्याने स्वतः पिशवी पिळून बघितली. मिठागरात फळी ओढलेले ते हात, त्यांच्यात अजून पुष्कळ जोर होता. धार मोठी झाली.

पेला भरला. मी तो त्याच्या हातात दिला. त्याने डोळे मिटले. घोट घेतला, तोंडात फिरवला, तसाच जसा तो वाफ्यावर उभा राहून फिरवायचा.  मग गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली.

“व्हॉलचा,” तो म्हणाला.

आणि पेला रिकामा केला. मग दुसरा. तिसऱ्या पेल्याला तो जरा थांबला आणि म्हणाला, “जसाच्या तसा हाय. काय काराया पायजे ह्या नलीला न् काय नको, कसा कलतंय तिला?”  मीही तेच विचारत होते. एक यंत्र पाण्यातले जंतू तेवढे अडवतं आणि चवीला हात लावत नाही. आणि माझ्यासमोर बसलेली एक म्हातारी जीभ ते ओळखते. ह्या दोघांत मोठं कोण, हे मला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आताही येत नाही. दोघांपुढेही मला हात जोडावेसे वाटले.

पुढचे चार दिवस तेच चाललं. मी सकाळी व्हॉलवर जायचे, चिळकांडी झेलून आणायचे, मग त्याच्याजवळ बसून पिळायचे. पिळताना गप्पा व्हायच्या, कारण हात गुंतलेले असले की माणूस बोलतो. त्याने मला मुकादमाच्या काचेच्या नळीची गोष्ट सांगितली, ती एकदा फुटली आणि नवी येईपर्यंत पंधरा दिवस सगळं मिठागर त्याच्या जिभेवर चाललं. ही गोष्ट मला माहीत नव्हती. तो पीत राहिला. शेजारच्या बायका नळी बघायला यायच्या आणि तोंडाला पदर लावून बसायच्या. एकीने विचारलं, मीठ जातं का. मी नाही म्हटल्यावर, मी सरांकडे बघितलं होतं तसंच तिने माझ्याकडे बघितलं.

आठव्या दिवशी आम्ही अलिबागला जाऊन रक्त दिलं. दुपारी डॉक्टरने कागद बघितला, मग पुन्हा बघितला. मूत्रपिंडांचा वाढलेला आकडा निम्म्याच्या खाली आला होता. “आजोबा, काय केलंत?” तिने विचारलं. “पानी पिलो,” बाबा म्हणाला, आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मशीन टळलं होतं. 

संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. खाडीकडून वारा येत होता. मी पिशवी पिळत होते आणि मला एकाएकी वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही.

“बाबा,” मी म्हटलं, “तू आजारी परलास तो माज्या पान्यान. मी व्हॉलच्या खड्ड्यातला भरून आनलावता. लाइन बंद व्हती. म्हशींचे पाय होते बाजूला. मी बगितले होते.”

“मना म्हाईत हाय,” तो म्हणाला.

मला वाटलं, त्याला नीट ऐकू आलं नाही. “काय म्हाईत हाय?”

“खड्ड्यातला व्हता ता. पयल्या घोटालाच कलला. चिखल लागत व्हता, आनि शेनाचा वास.”

मी पिळायची थांबले. तो पहिला घोट, तो थांबला होता ते, माझ्याकडे बघितलं होतं ते, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. ज्या जिभेला पातेल्याचा वास चालला नाही, क्लोरीनचा एक थेंब चालला नाही, तिने शेणाचं पाणी पेलाभर आत जाऊ दिलं होतं आणि वर अजून मागितलं होतं.

“मग पिलास कशाला?” माझा आवाज चढला. “थुकाचा नं! आनि डॉक्टरीनला नलाचा कशाला सांगितलास?”

“तुना शालंन पोरांना पानी शिकवाचा असतं,” तो म्हणाला. “लोकांनी काय म्हनावा?”

“पन पिलास कशाला?”

तो खाडीकडे बघत होता. माझ्यावर जराही न रागावता बोलला.

“तू हसत आनलावतास बाय. मागून जो आनलास तो सगला भांडत आनलास.”

 उकळलेलं पाणी, थेंबांचं पाणी, जारचं पाणी. प्रत्येक पेला मी कसा आदळला होता ते मला आठवलं. मी ती पिशवी उचलली, उरलेलं पाणी पेल्यात पिळलं आणि पेला त्याच्यापुढे धरला. हसायचा प्रयत्न केला. डोळे वाहत होते आणि तोंड वेडंवाकडं झालं होतं, ते काही हसणं नव्हतं. त्याने ते बघितलं, पेला घेतला आणि प्यायला.